चाळीस मोडके पिक्सेल

तहसीन मुजावरनं माझ्यापुढं जो तक्ता ठेवला, त्यात एकवीस हजार सहाशे ओळी होत्या. एका ओळीला एक पिक्सेल: त्याचा नंबर, त्याची जागा, आणि शेवटच्या रकान्यात तो चालू आहे की मोडका. त्यातल्या चाळीस ओळींपुढं मी 'मोडका' असं लिहिलं. त्यातला एकही मोडका नव्हता. पुढं जे झालं ते त्या चाळीस शब्दांमुळं झालं, आणि ते मीच सांगितलेलं बरं. दुसरं कोणी सांगायला बसलं तर म्हाताऱ्याची कीव करेल, आणि ती मला नको आहे.

मी श्रीपती सुतार. सांगलीच्या कृष्णातरंग नाट्यसंस्थेचा प्रकाशवाला. वय बासष्ट, त्यातली छत्तीस वर्षं प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत गेली. नटांना टाळ्या पडतात, वादकांचं निदान नाव तरी पुकारतात. प्रकाशवाल्याची आठवण लोकांना दिवा गेला की होते. तक्रार नाही. हा धंदा मी आपण होऊन पत्करला.

पिक्सेल म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. दोन हजार सदतीस सालच्या कुठल्याही बऱ्या नाट्यगृहात जुने मोठे दिवे उरलेले नाहीत. जमिनीत, मागच्या भिंतीत, पायऱ्यांच्या कडेला हरभऱ्याएवढे एलईडी बसवलेले असतात. प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे तीन कण. प्रत्येक कणाला शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा एक आकडा दिला की हवा तो रंग उमटतो. असा एक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. टीव्हीच्या पडद्यावर असतात तेच, फक्त इथं पडदा म्हणजे अख्खा रंगमंच आणि त्यावरून माणसं चालतात. कुठल्या ठिपक्यानं चित्राचा कुठला तुकडा दाखवायचा हे ठरवून देणं, याला पिक्सेल मॅपिंग म्हणतात.

ते दोन तऱ्हांनी होतं. माझी तऱ्हा कन्सोलची, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्यांच्या मेजाची. कन्सोलच्या एका वायरीतून पाचशे बारा आकडे जातात, म्हणजे जेमतेम एकशे सत्तर पिक्सेल. तेवढ्यांची रांग लावायची आणि पट्टी बोटानं सरकवत उजेड त्या रांगेवरून चालवायचा. नट थबकला की माझं बोट थबकतं. दुसरी तऱ्हा मीडिया सर्व्हरची. त्याला नदीचं चलच्चित्र द्या, तो ते एकवीस हजार ठिपक्यांना सेकंदाला साठ वेळा वाटून देतो. कन्सोलवर तेवढं करायचं म्हणजे चमच्यानं विहीर उपसायची. पण सर्व्हरला फक्त चित्र कळतं. मध्ये माणूस आला तर त्याच्या लेखी तो चित्राचा भाग असतो, नाहीतर डाग. हे वाक्य मी तेव्हा चहाच्या टपरीवर मोठ्या तोऱ्यात टाकत असे.

आता नाना. गजानन पाटणकर, आमच्या संस्थेचे मुख्य नट, वय चौऱ्याहत्तर. आम्ही दोघांनी एकाच वर्षी संस्थेत पाय ठेवला. जुने हॅलोजनचे दिवे होते तेव्हा नानांची एक सवय होती. तिसऱ्या घंटेच्या आधी, पडदा बंद असताना, ते एकटे रंगमंचावर यायचे आणि मी त्यांच्यासाठी एक दिवा लावायचो. ते त्या झोतात गाल धरून उभे राहायचे. ऊब कुठून सुरू होते आणि कुठं संपते हे चामडीनं मोजून घ्यायचे. मग प्रयोगात जमिनीकडं एकदाही न बघता बरोबर त्या जागी येऊन उभे. एलईडी आले आणि उजेड थंड झाला. नाना दोन-चार दिवस गाल धरून बघत राहिले, मग हसले. म्हणाले, "श्रीपा, हा उजेड सासरी आलेल्या सुनेसारखा आहे रे. दिसतो, पण अंगाला लागत नाही."

चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मध्य झिजतो, कडा शाबूत राहतात. समोर बघितलं की राखाडी डाग, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून अजून दिसायचं. घरात त्यांची मुलगी जाणत होती, आणि संस्थेत फक्त मी.

"कुणाला बोलायचं नाही," नाना म्हणाले होते. "लोक मग नाटक बघायला येत नाहीत. आंधळा माणूस पडतो का, ते बघायला येतात."

त्यावर उपाय मी काढला. नट समोर प्रेक्षकांकडं बघतो तेव्हा जमीन त्याच्या नजरेच्या खालच्या कडेत असते, आणि नानांची कडाच तर चांगली होती. म्हणून जमिनीतल्या चाळीस पिक्सेलची एक तिरकी रांग मी कन्सोलवर बांधली. तिच्यावरून मधाच्या रंगाचा एक ठिपका माझ्या बोटानं चालायचा आणि नाना त्याच्या मागून चालायचे. चाळिसाव्या पिक्सेलवर तो थांबला की नानाही थांबायचे. प्रेक्षकांना वाटायचं कंदिलाचं प्रतिबिंब आहे. एका परीक्षणात तर त्या प्रतिबिंबाचं कौतुक छापून आलं होतं. ते कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे.

एक गोष्ट राहिली. गेली दोन वर्षं माझा उजवा हात कापतो. थोडासाच. कुणाच्या लक्षात येत नाही अशी माझी समजूत होती.

नवं नाटक होतं 'उताराची वेळ'. धरणामुळं नदी आटलेल्या गावातला शेवटचा नावाडी, ती भूमिका नानांची. रंगमंचभर नदी पाहिजे, तीही पहिल्या अंकात भरलेली आणि शेवटी कोरडी, असं आमच्या निर्मात्या देशिंगकरबाईंनी ठरवलं आणि सर्व्हर आला. सर्व्हरबरोबर तहसीन आली. मिरजेची, अठ्ठावीस वर्षांची. पॉलिटेक्निक करून बंगळुरूला दोन वर्षं काम करून आलेली. आल्या दिवशी तिनं माझा कन्सोल निरखून बघितला आणि म्हणाली, "काका, किती स्वच्छ ठेवलाय हो! आमच्याकडं असले कन्सोल काचेच्या कपाटात होते."

ती कौतुकानं बोलली होती. मला मात्र ते झोंबलं. मी स्वतःच कपाटात जाऊन बसल्यासारखं वाटलं.

नानांनी बाईंना सांगून ठेवलं होतं, की श्रीपाचा कन्सोल राहिलाच पाहिजे, चेहऱ्यांवरचा उजेड तोच देणार. बाईंनी मान्य केलं. चेहरे माझ्याकडं आले, नदी तहसीनकडं. आणि नदीच्या मधोमध माझे ते चाळीस पिक्सेल होते.

ते सर्व्हरच्या हाती जाऊ द्यायचे नव्हते. 'मोडका' लिहिलं की सर्व्हर त्या ठिपक्याला काही पाठवत नाही, हे मला माहीत होतं. मग त्यांची वायर गुपचूप माझ्या कन्सोलला जोडायची, झालं काम.

तहसीननं तक्ता बघितला आणि भुवया उंचावल्या. "काका, हे चाळीस एका तिरक्या रेषेत कसे काय मोडले?"

"उंदरानं वायर कुरतडली."

"उंदीर पट्टी लावून चालला होता काय?"

"सांगलीचा उंदीर आहे," मी म्हटलं. "शिस्तीचा."

ती खळखळून हसली. "बदलून टाकू या की. मी अर्ध्या दिवसात करते."

"त्या मापाचे आता मिळत नाहीत. राहू दे. एकवीस हजारांत चाळीस कुणाला दिसतात?"

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. छत्तीस वर्षं काम केलेला माणूस तक्त्यात खोटं लिहील असं तिच्या मनातही आलं नाही. तालमीत जमिनीवर चालणारा मधाचा ठिपका तिलाही कंदिलाचं प्रतिबिंबच वाटायचा.

आता खरं सांगतो. नानांना वचन दिलं होतं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. तहसीनला विश्वासात घेतलं असतं तर ती कुणापाशी बोलली नसती, गोष्ट पोटात ठेवणारी पोर होती. आणि तिनं पाच मिनिटांत सर्व्हरलाच सांगितलं असतं, की कॅमेऱ्यातून नानांचे पाय बघ आणि हा ठिपका त्यांच्या एक पाऊल पुढं चालव. ते माझ्या बोटापेक्षा सरस झालं असतं. मग त्या काचेच्या खोलीत माझं काय काम उरलं असतं? नानांची गरज हीच माझी नोकरी होती. ती मी कुणाला वाटून देणार नव्हतो.

रंगीत तालमीच्या आदल्या आठवड्यात तहसीन म्हणाली, "काका, तुमच्या उंदराचा बंदोबस्त केलाय. आजपासून रफू चालू."

नव्या सर्व्हरमध्ये तसली एक सोय होती, आणि सगळे तिला रफूच म्हणायचे. छतावरचे कॅमेरे रंगमंच बघत असतात. जिथं पिक्सेल मोडका असेल तिथं चित्राला भोक पडतं. मग सर्व्हर आजूबाजूच्या चांगल्या पिक्सेलना थोडं उजळवून ते भोक प्रेक्षकांच्या नजरेला जाणवू देत नाही. स्थिर चित्र असेल तर सोपं. चित्र हलतं असेल तर सर्व्हर आधी दोन-चार तालमी नुसता बघतो, कुठली आकृती कुठून कुठं जाते ते शिकतो, आणि ती मोडक्या जागेशी अडली तर पलीकडं तिला पुढं चालवतो.

हे तिनं मला नीट समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. माझे पिक्सेल मोडके नाहीत, म्हणजे त्यांना रफूची गरज नाही, एवढाच विचार मी केला. सर्व्हरला ते कुठं माहीत होतं? त्याच्या तक्त्यात ते मोडके होते, मीच लिहिलं होतं. त्या मोडक्या जागेतून रोज एक मधाचा ठिपका चालत येतो आणि चाळिसाव्या पिक्सेलशी थबकतो, हे तो कॅमेऱ्यातून रोज बघत होता. त्यानं सरळ अर्थ काढला. ठिपका तिथं थांबत नाही, मोडक्या पिक्सेलमुळं अडतो आहे. त्याला पुढं पोचवलं पाहिजे.

चाळिसाव्या पिक्सेलच्या पुढं दोन हात जमीन होती. त्यापुढं रंगमंचाची कड, आणि कडेखाली पूर्वी वादक बसायचे तो पुरुषभर खोल खड्डा.

रंगीत तालमीला नानांना ताप होता. शेवटचा प्रवेश त्यांनी खुर्चीत बसून नुसता म्हटला. मी सवयीनं ठिपका चालवला, चाळिसाव्यावर थांबवला. आणि मला दिसलं, की माझं बोट थांबल्यावरही पुढच्या दोन-तीन पिक्सेलवर मधाची झाक आली आणि गेली.

मी ते बघितलं. स्वच्छ बघितलं. तहसीन माझ्या शेजारी सहा फुटांवर बसली होती. "पोरी, हे काय झालं?" एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मोडक्या पिक्सेलवर मुळात ठिपका आला कुठून? मग सगळंच उलगडावं लागलं असतं. मी चष्मा पुसला आणि काच खराब असेल असं स्वतःला पटवलं. खाली बसलेल्या बाई म्हणाल्या, "प्रतिबिंब आज फार सुंदर दिसलं हं!" मी आणि तहसीन दोघंही "थँक यू" म्हणालो.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. नाट्यगृह भरलेलं. नाना त्या दिवशी असे काही रंगले होते, की पहिल्या अंकात मी दोन वेळा पट्टी सरकवायची विसरता विसरता राहिलो. शेवटच्या प्रवेशात ते नावेतून उतरले, हातात कंदील घेतला, आणि नजर प्रेक्षकांवर ठेवून चालू लागले. माझा ठिपका त्यांच्या पुढं. तीस. पस्तीस. अडतीस. चाळीस. मी बोट थांबवलं.

ठिपका थांबला नाही. माझ्या चाळिसाव्यावर एक मधाचा ठिपका होता, आणि त्याच्यातूनच निघाल्यासारखा दुसरा शांतपणे पुढं चालला होता. नानांचं पाऊल त्याच्या मागोमाग पडलं. मी हेडफोनवर ओरडलो, पण हेडफोन विंगेत असतो, नटाच्या कानात नसतो. दोन पावलं. लोकांना वाटलं तो नाटकाचाच भाग आहे, कारण पडतानाही नानांनी कंदील सोडला नाही.

खुबा मोडला आणि डावं मनगट. जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कचेरीत कुणालाच शंका नव्हती. सर्व्हर बिघडला, म्हणजे तहसीननं काहीतरी चुकवलं. बाई वाईट नाहीत, पण त्या रडत होत्या आणि रडताना माणूस सोपं उत्तर शोधतो. शुक्रवारी कार्यकारिणीपुढं तहसीननं खुलासा द्यायचा, आणि तो पटला नाही तर तिला काढून सगळ्या नाट्यगृहांना तसं कळवायचं, असं ठरलं. सगळ्या नाट्यगृहांना म्हणजे तिचा धंदाच संपला. मी तिथं भिंतीला टेकून उभा होतो. एक माणूस मला म्हणाला, "श्रीपतराव, तुम्ही म्हणत होता ते खरं झालं. सर्व्हरला माणूस कळत नाही." माझं मौन त्याला शहाणपणाचं वाटलं असणार.

बुधवारी तहसीन माझ्या घरी आली. दुपारची वेळ होती, बायको माहेरी गेली होती. मी चहा टाकला. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, डोळे सुजलेले.

"काका, मी तीन दिवस नोंदी तपासतेय. प्रत्येक सेकंदाच्या. सर्व्हरनं एकही चूक केलेली नाही. जे सांगितलं तेच केलंय. मग चूक माझ्या सांगण्यात आहे ना? पण मला सापडत नाही हो." तिनं लॅपटॉप मिटला. "नाना पडले ते माझ्यामुळं, हे मी मान्य करते. फक्त नेमकं काय चुकलं ते मला कळू दे. तुम्ही एवढी वर्षं केलंय. तुम्ही सांगा."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला. ओटा पुसून झाला तरी पुसत राहिलो.

"मशीन आहे पोरी," मी म्हटलं. "मशीनचं असंच असतं."

तिनं मान हलवली. "नाही काका. मशीनचं असं नसतं."

ती गेली. मी तो चहा मोरीत ओतला. तक्त्यात खोटं लिहिलं तेव्हा मला निदान कारण होतं. हे दुसरं खोटं मी तिच्या तोंडावर, तिच्या डोळ्यांत पाणी असताना बोललो, आणि ते फक्त स्वतःला वाचवायला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात गेलो. नाना उशीला टेकून पडले होते. माझ्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं.

"ये श्रीपा. बस. मी त्या सगळ्यांना सांगितलंय, माझं धोतर पायात अडकलं म्हणून. त्या पोरीला उगाच छळतायत."

"धोतर नव्हतं अडकलं नाना."

"मला माहीत आहे की. पण दुसरं काय सांगू? डोळे गेलेत म्हणून?"

मी सगळं सांगितलं. तक्ता, उंदीर, रफू, तालमीत बघितलेली ती झाक, तहसीनला काल दिलेलं उत्तर. शेवटी हेही सांगितलं, की मी ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी केलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. त्यांनी छताकडं तोंड केलं.

"मला दोन ठिपके दिसले होते," ते म्हणाले.

"काय?"

"चाळिसाव्याशी. एक थांबलेला होता आणि एक पुढं चाललेला. कडेनं का होईना, तेवढं दिसतं मला."

"मग तुम्ही पुढं का गेलात?"

नानांनी चांगला हात माझ्या दिशेनं पुढं केला. मी तो धरला. माझा हात नेहमीसारखा कापत होता, आणि त्यांनी तो घट्ट दाबून धरला.

"दोन वर्षं तुझा ठिपका थरथरतोय रे. मी त्या थरथरीवर चालायला शिकलो. बाईंना बोललो असतो तर त्यांनी तुला घरी बसवला असता, म्हणून बोललो नाही. त्या दिवशी एक ठिपका थरथरत थांबला होता, आणि दुसरा असा सरळ, संथ चालला होता, तीन वर्षांपूर्वी चालवायचास तसा. मला वाटलं, थरथरणारा त्या पोरीच्या मशीनचा असणार आणि तो संथ तुझा. म्हटलं, आज श्रीपाचा हात कापत नाही. मला इतका आनंद झाला, की मी पावलं मोजायची विसरलो."

मी मान खाली घातली आणि रडलो. बासष्टाव्या वर्षी माणूस रडतो ते काही बघण्यासारखं नसतं, पण नानांना तसंही दिसत नव्हतं.

"माझे डोळे गेलेत हे सांगितल्याशिवाय ती पोर सुटत नाही, असंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटत होतं, खुबा बरा झाला की अजून एखादं काम करू. बसून म्हणायचं का होईना." त्यांनी माझा हात सोडला. "जा, सांग तिला. आधी तिला सांग. कमिटी उद्या."

नाट्यगृहात तहसीन एकटीच होती. रंगमंचाच्या कडेशी बसून पाय त्या खड्ड्यात सोडले होते. मी तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसलो आणि जे नानांना सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. काही लपवलं नाही.

मग तिनं एकच विचारलं. "रंगीत तालमीला तुम्ही ते बघितलं होतं?"

"बघितलं होतं."

"मी शेजारी होते."

"होतीस."

"आणि काल मी तुमच्या घरी आले होते."

"हो."

ती उठली, रंगमंचाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं लॅपटॉप उघडला, काही ओळी लिहिल्या, आणि मला म्हणाली, "चला. मागून पुढं चाला. जमिनीकडं बघायचं नाही."

मी नावेच्या जागेपासून निघालो. मधाचा ठिपका माझ्या एक पाऊल पुढं उमटला. मी हळू झालो, तो हळू झाला. मी मध्येच थांबलो, तो थांबला. शेवटी तो कडेपासून दोन हातांवर आला आणि तिथंच मंद लुकलुकत राहिला. मी मुद्दाम पाय पुढं उचलला तर तो लाल झाला.

"चार मिनिटं लागली," तहसीन म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "तुम्ही सांगितलं असतं तर."

मला तिच्याकडं बघवलं नाही.

"उद्या कमिटीपुढं मी बोलेन," मी म्हटलं. "लिहूनही देतो."

"ते द्याच. पण आधी हे." तिनं लॅपटॉप माझ्या पुढं सरकवला. तोच तक्ता उघडलेला होता. "यात 'मोडका' तुम्ही लिहिलंय, तुम्हीच पुसा. एकेक ओळ. आणि शेरा म्हणून एक रकाना आहे, तो तुम्ही कोराच सोडला होता. पिक्सेल कशासाठी आहे ते तिथं लिहायचं असतं. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं."

एका झटक्यात चाळीस ओळी बदलायची सोय त्यात होती. मला ती येत होती, आणि मला येते हे तिलाही ठाऊक होतं. तिनं सुचवली नाही आणि मीही वापरली नाही. मी एकेक ओळ धरली. 'मोडका' पुसून 'चालू' लिहिलं, पुढं शेऱ्यात 'नानांची वाट' असं लिहिलं. हात कापत होता. भलतीच अक्षरं उमटत होती, ती खोडून पुन्हा लिहावी लागत होती. बाहेर बुकिंगच्या खिडकीशी कुणीतरी आलं, रद्द झालेल्या प्रयोगाची चौकशी करून गेलं. तहसीन कडेशी उभी होती. तिनं मदतीला हात पुढं केला नाही, आणि मला सोडून निघूनही गेली नाही.

एकोणचाळीस ओळी झाल्या. चाळिसाव्या ओळीत 'चालू' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'इथं थांबायचं' असं लिहिलं.